शकुंतलेचं एकदाचं काय ते सांगून टाका

मूर्तिजापूर स्टेशनाचं रूप पालटलं. 22 मे 2025 रोजी अमृत भारत योजनेतल्या देशभरातल्या 103 स्थानकांचं एकाच दिवशी लोकार्पण झालं, त्यात मूर्तिजापूरही होतं. चांगलं झालं. लहान गावच्या प्रवाशाला नीट स्टेशन मिळालं तर त्यात नाक मुरडण्यासारखं काहीच नाही. पण याच स्टेशनातून अडीच फुटी रुळांचे दोन फाटे निघायचे. एक दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला जाणारा, दुसरा कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला जाणारा. दोन्ही मिळून सुमारे 190 किलोमीटर. या 190 किलोमीटरवरच्या एकाही स्टेशनावर आज गाडी येत नाही. नव्या रंगाच्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढून घेणाऱ्यांपैकी कुणालाही त्या दिवशी याचं उत्तर द्यावं लागलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. या दोन फाट्यांवर धावणारी गाडी, आमची शकुंतला, बंद झाली, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. बंद झाली असं जाहीर केलं असतं तर लोक भांडले असते, कोर्टात गेले असते, पर्याय मागितला असता, हरले असते किंवा जिंकले असते. तसं काही होऊ दिलं नाही. गाडी थांबवली आणि सांगितलं, ब्रॉडगेज होणार आहे. तेव्हापासून विदर्भातल्या चार जिल्ह्यांतली माणसं ‘होणार आहे’ याच दोन शब्दांवर बसून आहेत. ही आशा नाही, ही अडवणूक आहे.

ही लाइन कापसासाठी टाकली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं 1910 साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. वऱ्हाडातल्या जिनिंगमधून निघालेल्या गाठी मूर्तिजापूरला आणायच्या, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईच्या बंदरात, तिथून मँचेस्टरला. गोऱ्यांनी आमच्यावर उपकार म्हणून रूळ टाकले नव्हते. पण कापूस नेण्यासाठी टाकलेल्या रुळांवर माणसं चढली, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं माणसांनीच ती गाडी आपली केली. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेलचं आलं. वेग एवढा कमी की पूर्ण मार्गाला वीसेक तास लागत. पण पूर्ण मार्ग कुणाला जायचा होता? लाखपुरीच्या माणसाला दर्यापूरच्या बाजाराला जायचं होतं. पथ्रोटच्या बाईला अंजनगावच्या दवाखान्यात जायचं होतं. दारव्ह्याच्या पोराला यवतमाळच्या कॉलेजात जायचं होतं. ही गाडी त्यांची होती आणि त्यांच्यापुरती पुरेशी होती.

शेवटच्या वर्षांत बहुतेक स्टेशनांवर माणूसच उरला नव्हता. तिकीटघराला कुलूप. गाडी थांबली की गार्ड डब्यातून खाली उतरायचा, फलाटावर उभ्या असलेल्यांना तिकिटं द्यायचा, पैसे मोजून खिशात टाकायचा, मग हिरवी झेंडी दाखवून परत चढायचा. फाटकाशी गाडी थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं सरकायची, पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. मोजक्या माणसांनी सगळी लाइन ओढली. त्यांचा पगार आणि डिझेलचा खर्च तिकिटांतून निघत नव्हता, हे मान्य. पण तालुक्याच्या रस्त्याचा खर्च कुठल्या तिकिटातून निघतो? सरकारी दवाखान्याचा कुठून निघतो? काही गोष्टी सरकार चालवतं ते लोकांना त्यांची गरज असते म्हणून. एसटीच्या भाड्याच्या काही अंशात, डोक्यावरच्या गाठोड्यासकट, शेतमजुराला तालुक्याला पोचवणारी गाडी यातच मोडते.

शकुंतलेवर वर्तमानपत्रांत काय छापून आलं? स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश कंपनीच्या मालकीची म्हणून राहिलेली देशातली एकमेव रेल्वे. त्या कंपनीच्या रॉयल्टीचे आकडे. लिव्हरपूलचा शिक्का असलेले सिग्नल. मँचेस्टरहून आलेलं 1921 सालचं इंजिन. दूरदूरचे पत्रकार आले, फोटो काढून गेले. कौतुक खूप झालं. त्या कौतुकात प्रवासी कुठेच नव्हता. जिथं बाजारहाटाला जाणारी गाडी बंद पडत होती, तिथं आम्ही अजबखान्यातली वस्तू दाखवत बसलो. मला या गोष्टीचा अजूनही संताप येतो, कारण गंमत म्हणून जी गोष्ट सांगितली जाते तिच्याबद्दल जाब विचारायचं कुणाला सुचत नाही.

मालकीचा प्रश्न आहे, असं सांगतात. असेल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) सरकारकडे आली, तिच्याकडे चालवायला दिलेली ही लाइन मात्र कराराच्या कागदावर कंपनीचीच राहिली. पण याच महाराष्ट्रात बार्शी लाइट रेल्वे होती. तीही खाजगी कंपनीची, तीही अडीच फुटी. सरकारनं ती 1954 साली विकत घेतली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा सगळा पट्टा पुढं टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाला आणि आज पंढरपूरला वारकरी ब्रॉडगेजच्या गाडीनं येतो. म्हणजे खाजगी नॅरोगेज विकत घेता येते, तिचं रुंदीकरण करता येतं, आणि तेही याच राज्यात. मूर्तिजापूरच्या बाबतीत सत्तर वर्षं तेवढंच झालं नाही. याला मालकीचा प्रश्न म्हणत नाहीत, दुर्लक्ष म्हणतात.

2016 साली तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात रुंदीकरण जाहीर झालं. खर्च दीड हजार कोटींच्या घरात. अचलपूरला, दर्यापूरला, कारंज्याला लोकांनी पेढे वाटले तर त्यात चूक काय होतं? देशाचा रेल्वेमंत्री बोलतो तेव्हा माणूस विश्वास ठेवतो. याच सुमारास यवतमाळकडची गाडी बंद पडली, आणि पुढच्या काही वर्षांत अचलपूरकडचीही. रूळ जीर्ण झाले, पूल धोक्याचे झाले, असं कारण. रूळ एका रात्रीत जीर्ण होत नाहीत. वर्षानुवर्षं देखभालीला पैसा द्यायचा नाही, मग देखभाल नाही म्हणून गाडी थांबवायची, मग गाडीच नाही म्हणून प्रवासी नाहीत असं दाखवायचं, आणि प्रवासी नाहीत म्हणून प्रकल्प परवडत नाही असं लिहायचं. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर. चारही एकत्र वाचले की डाव कळतो.

आणि हे एकट्या शकुंतलेचं नाही. ‘आधी बंद, मग बघू’ ही पद्धतच पडली आहे. अकोला–खंडवा मीटरगेजवर अकोला ते अकोट गाडी 2017 च्या सुरुवातीला थांबली. ब्रॉडगेजची गाडी अकोटला यायला नोव्हेंबर 2022 उजाडला. अकोटच्या पुढचं मेळघाटातल्या वाटेवर अडलं. तिथं वाघांच्या जंगलातून रूळ रुंद करू नयेत, वळसा घालून न्यावेत, हे मलाही पटतं. पण हा प्रश्न गाडी बंद करण्याआधी कुणाला दिसला नव्हता का? मेळघाट काही 2017 नंतर उगवला नाही. नागपूर–नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर 2019 मध्ये थांबली, रुंदीकरणासाठी. पाचोरा–जामनेरची गाडी कोरोनाच्या टाळेबंदीत मार्च 2020 ला थांबली ती थांबलीच. जामनेरकरांना तर टाळेबंदी कधी उठली तेच कळलं नाही. सगळीकडे क्रम तोच. पहिल्या दिवशी जे जातं ते हातात असलेलं असतं. जे मिळायचं असतं ते कुठल्या वर्षी, हे कुणी लिहून देत नाही.

कोरोनाच्या काळात ब्रॉडगेजवरच्या पॅसेंजर गाड्यांचंही हेच केलं. त्या बंद केल्या, मग ‘स्पेशल’ म्हणून सुरू केल्या आणि कमीत कमी भाडं 10 रुपयांवरून 30 रुपयांवर नेलं. तात्पुरतं म्हणून केलेलं हे भाडं 10 रुपयांवर यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला रोज कामावर जाणाऱ्या माणसानं ही तिप्पट झालेली रक्कम रोज खिशातून दिली. तात्पुरत्याची मुदत रेल्वे ठरवते आणि किंमत प्रवासी भरतो.

एसटी आहे ना, असं म्हणणारे मुंबईत आणि नागपुरात खूप भेटतात. आहे. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर प्रवास फुकट आहे, आणि त्याचा आमच्या भागातल्या बायकांना खरोखर फायदा झाला. तो नाकारणारा मी कोण? पण अर्धं तिकीट काढायला आधी एसटी यायला हवी. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांचा राग खोटा नव्हता. पण त्या सहा महिन्यांत शकुंतलेच्या काठावरच्या गावांना ना एसटी होती, ना गाडी. काळीपिवळीवाले सांगतील ते भाडं आणि बसवतील तितकी माणसं. परीक्षेच्या दिवसांत पोरं जीपच्या मागच्या पायरीवर लटकत तालुक्याला गेली. त्याच वेळी शेजारी रूळ पडून होते. दोन वाहतुकींपैकी एक अडली तर दुसरी असावी, एवढं साधं शहाणपण मुंबईच्या लोकलबाबत सगळ्यांना कळतं. दर्यापूरबाबत कळत नाही.

दर्यापूरच्या स्टँडवर थोडा वेळ थांबलं तर म्हातारी माणसं काय बोलतात ते ऐकू येतं. ‘गाडी होती तवा सकाळी पोरीच्या घरी जाऊन सांजी वापस येत होतो. आता जाचं म्हटलं का दोन गाड्या बदला लागते.’ हे बोलताना कुणी चिडलेलं नसतं. चिडून झालेलं असतं. खारपाणपट्ट्यातला माणूस आहे. पिण्याचं गोडं पाणी ज्यानं आयुष्यभर टँकरमधून आणि पाइपलाइनच्या आश्वासनांतून पाहिलं, त्याला ‘होणार आहे’चा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो. मला काळजी त्यांची नाही. मला काळजी लहान पोरांची आहे, ज्यांनी या लाइनवर गाडी चालताना पाहिलीच नाही किंवा ज्यांना ती नीट आठवत नाही. त्यांच्या दृष्टीनं स्टेशन म्हणजे बाभळींत दडलेली दगडी इमारत. काही ठिकाणी रूळ मातीखाली गेले आहेत. ज्याला आपलं काही गेलं हेच माहीत नाही, तो ते परत मागणार कसा? आणि मागणारे संपण्याची वाट कुणी पाहत असेल, तर ते घडत आहे.

अचलपूर–परतवाडा हे लाखावर वस्तीचं जुळं शहर. सागवानाचा बाजार, संत्री, चिखलदऱ्याची वाट, मेळघाटातून मजुरीला बाहेर पडणाऱ्या कोरकू माणसाचं पहिलं मोठं गाव. तिथली फिनले मिल कोरोनात बंद झाली. रेल्वे त्याआधीच गेली होती. एखाद्या गावाची गिरणी आणि गाडी दोन्ही काही वर्षांच्या अंतरानं जातात, तेव्हा पोरं पुण्याला का जातात हे विचारायला समिती नेमावी लागत नाही. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. राज्यभरातून लोक गुरुमंदिरात येतात आणि मूर्तिजापूर किंवा अकोल्याला उतरून पुढं रस्त्यानं जातात. इथं प्रवासी नाहीत, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एखाद्या गुरुवारी तिथं जाऊन उभं राहावं.

या लाइनवर लोकसभेचे तीन मतदारसंघ येतात. अकोला, अमरावती, यवतमाळ–वाशिम. म्हणजे तीन खासदार. कुठल्याही पक्षाचे असोत, तिघांनीही वेगवेगळ्या वेळी ही मागणी केली असेल, पत्रं दिली असतील, निवेदनाचे फोटो आले असतील. पण तिघांनी मिळून एका दिवशी रेल्वेमंत्र्यांसमोर बसून तारखेशिवाय उठायचं नाही असं केल्याचं मला आठवत नाही. मार्ग तिघांत वाटला गेला की जबाबदारीही वाटली जाते, आणि वाटली गेलेली जबाबदारी कुणाचीच राहत नाही. दिल्लीला दुसरं काय हवं?

2017 पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प राहिला नाही. तो असताना निदान वर्षातला एक दिवस असा होता, की गावोगावी लोक आपल्या लाइनचं नाव ऐकायला रेडिओ लावून बसत. आता पिंक बुक नावाचं पुस्तक येतं आणि त्यात आपला प्रकल्प शोधावा लागतो. ज्याला ते वाचता येतं त्याला हेही कळतं, की कितीतरी प्रकल्पांसमोर 1,000 रुपये लिहिलेले असतात. हजार रुपयांत रुळाचा एक तुकडाही येत नाही. ते लिहिलेले असतात प्रकल्प मेला असं म्हणावं लागू नये म्हणून. निवडणुकीच्या सभेत ‘प्रकल्प मंजूर आहे’ हे वाक्य त्या हजार रुपयांच्या जोरावर उभं राहतं. ही लबाडी मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती ऐकणारा माणूस पिंक बुक वाचत नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं.

आता दुसरी बाजू. अडीच फुटीचं ब्रॉडगेज करणं म्हणजे नुसते रूळ एकमेकांपासून लांब सरकवून ठेवणं नव्हे. भराव रुंद करावा लागतो, पूल नव्यानं बांधावे लागतात, वळणं काढावी लागतात, जमीन घ्यावी लागते. जवळजवळ नवी लाइनच. खर्च 2016 च्या अंदाजावर थांबलेला नसणार. परताव्याचा हिशेब केला तर कापसाच्या गाठी आता ट्रकनं जातात, हेही खरं. काही जण म्हणतात, वर्धा–यवतमाळ–नांदेड लाइन येतेच आहे, मग ही कशाला? त्या लाइनला 2008-09 मध्ये मंजुरी मिळाली आणि वर्धा–कळंब एवढ्या पहिल्या टप्प्यावर गाडी धावली ती 28 फेब्रुवारी 2024 ला. येऊ द्या, स्वागत आहे. पण ती यवतमाळला वर्ध्याशी जोडते. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर यांच्या वाट्याला तिचा एक फूटही येत नाही. नगर–बीड–परळी 1995 ला मंजूर झाली आणि बीडला गाडी पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. तीस वर्षं. या हिशेबानं अचलपूरला गाडी यायची तर आज शाळेत जाणारं पोर स्वतःची पोरं शाळेत घालायच्या वयाला येईल.

म्हणून मी ब्रॉडगेजची भीक मागत नाही. मला सरळ उत्तर हवं आहे. होणार असेल तर कुठला टप्पा आधी, पैसा कुठल्या वर्षी किती, निविदा कधी, हे स्टेशनावर फळा लावून लिहा. 77 किलोमीटरचा मूर्तिजापूर–अचलपूर तुकडा आधी घ्यायचा असेल तर तसं सांगा. यवतमाळवाले नाराज होतील, भांडतील, पण त्यांनाही काहीतरी कळेल. नव्या मार्गात लहान स्टेशनं ठेवणार की वगळणार, हे आत्ताच सांगा. लाखपुरी, पथ्रोट, चमक यांची नावं नकाशावर राहणार का? रुंदीकरण होऊन गाडी भरधाव अचलपूरला गेली आणि मधल्या गावांना नुसती तिची शिट्टी ऐकू आली, तर ज्यांच्यासाठी ही गाडी होती त्यांना ती परत मिळालीच नाही.

आणि होणार नसेल तर ‘नाही’ म्हणा. एकदा म्हणा. लोकसभेत म्हणा, कागदावर म्हणा, कारण देऊन म्हणा. मग आम्ही राज्य सरकारकडे जाऊ आणि त्या जमिनीवर काय करायचं ते मागू. गाडीच्या जुन्या वेळांना, स्टेशनाच्या दारातून सुटणाऱ्या, गाडीच्याच भाड्याच्या एसटी मागू. आज ते मागता येत नाही. मागायला गेलं की उत्तर तयार असतं, ‘तुमची तर रेल्वे होणार आहे.’ रेल्वे द्यायची नाही आणि रेल्वे येणार म्हणून दुसरंही काही द्यायचं नाही, असं हे दुहेरी अडवणं आहे.

यापुढं राज्यातली कुठलीही लाइन रुंदीकरणासाठी बंद करायची असेल तर पैसा मंजूर होऊन कंत्राटदाराची यंत्रं जागेवर उभी राहिल्याशिवाय शेवटची गाडी सोडू नये, आणि काम चालेल तितके दिवस त्याच भाड्यात बस द्यावी, असा नियम रेल्वेनं करावा. तिन्ही खासदारांनी हे एवढंच संसदेत मागावं, मी त्यांच्या पक्षाचं नावही विचारणार नाही. आणि भुसावळ विभागाच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. मूर्तिजापूरच्या नव्या स्टेशनावर गाड्यांचा फलक आहेच. त्याच्या खाली दोन ओळी जोडा. अचलपूर, यवतमाळ. पुढं तारीख लिहा किंवा ‘रद्द’ लिहा. जागा रिकामी सोडू नका.